आज कुणालाही फोन करायचा नाही

सोमवार, ४ नोव्हेंबर

नवरा म्हणाला, "मला सांगत बसण्यापेक्षा लिहून काढ. कागद कंटाळत नाही." म्हणजे तो कंटाळलाय. म्हणून ही वही.

मी भित्री भागूबाई आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघते आणि कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा. आठ वर्षं घरी राहून आता पुन्हा नोकरीला लागलेय, तेव्हापासून तर विचारूच नका. प्रोबेशनचे तीन महिने आहेत, त्यातला एक कसाबसा ढकलला.

आमची कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या पलंगाशेजारी एक बटण बसवून देते. रोज सकाळी दहाच्या आत ते दाबायचं. दाबलं म्हणजे माणूस ठीक. नाही दाबलं, तर आमच्या फोनखोलीतून फोन जातो. दोनदा करूनही उचलला नाही, तर शेजारी ज्यांच्याकडे किल्ली ठेवलेली असते त्यांना बघायला पाठवतात. बस, एवढाच धंदा. पण परवा मोठ्या ताई सांगत होत्या, गेल्या वर्षी अशी चार माणसं घरात पडलेली सापडली आणि वेळेवर सापडली म्हणून वाचली. मोठ्या ताई म्हणजे फोनखोलीच्या प्रमुख. त्यांच्या हाताखाली एक मुलगी आहे, अखंड बोलत असते, तिला सगळे चिमणी म्हणतात.

आजवर फोनखोलीच्या पडद्यावर सगळीच्या सगळी नावं दिसायची आणि ह्या दोघी त्यातून बटण न दाबलेली माणसं हुडकायच्या. आता साहेबांना तिथे फक्त न दाबलेल्यांची नावं हवीत, आणि फोन झाल्याची खूण केली की तेही नाव निघून जायला हवं. कुणीच उरलं नसेल, तर 'आज कुणालाही फोन करायचा नाही' अशी हिरवी ओळ यायला हवी. ह्यातलं अर्धं काम एका मुलानं करून ठेवलं आणि तो जास्त पगारावर दुसरीकडे उडाला. उरलेलं माझ्या गळ्यात.

त्यानं ही चाळणी नव्या पद्धतीनं लिहिलीय. जावा ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या वेबपानातच लॅम्डा टाकलाय. लॅम्डा म्हणजे एका ओळीतला छोटासा नियम: डावीकडे माणूस, मध्ये बाण, उजवीकडे अट. हा माणूस घे, बटण दाबलंय का बघ, नसेल तर ठेव. मी नोकरी सोडली तेव्हा आम्ही पानात असले बाण लिहीत नव्हतो. सरळ एकेक माणूस घ्यायचो, अट बघायचो, दाखवायचो. पण मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं, "नवं सगळं येतं ना?" आणि मी छातीठोकपणे म्हटलं होतं, येतं. आता येतंच असं वागणं भाग आहे.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आज अब्रू गेली.

माझ्या मशीनवर पान दोन दिवस झकास चालत होतं. सकाळी ते फोनखोलीच्या सर्व्हरवर चढवलं. चिमणीनं उघडलं तर नावांच्या जागी वरपासून खालपर्यंत इंग्रजी ओळी, आणि मधोमध सर्व्हरची तक्रार: बाणापाशी अनपेक्षित चिन्ह, वाक्य समजलं नाही. "अगं बाई, हे काय!" चिमणी एवढ्या जोरात ओरडली की पलीकडच्या हिशेबवाल्यांनी माना वर केल्या. दहा वाजत आले होते.

मोठ्या ताईंनी कपाटातून छापील नावं काढली आणि सरसकट सगळ्यांना फोन करायला घेतले. ज्यांनी बटण दाबलं होतं त्यांनाही. एका आजीबाईंनी त्यांची चांगलीच हजेरी घेतली, "दाबलंय ना मी, मग पुन्हा कशाला जिवाला घोर?" खूश झाले ते एकटे राजधानीवाले सर. हे भूगोलाचे निवृत्त मास्तर. बटण दाबायची आठवण त्यांना कधी म्हणजे कधी राहत नाही, त्यामुळे फोन रोजचा. फोन ठेवण्याआधी ते कुठल्यातरी देशाची राजधानी विचारतात, आणि नाही आली तर उद्या शोधून सांगायची. आज गडबडीत त्यांना दोघींचाही फोन गेला. "आज दोन तास झाले का भूगोलाचे?" म्हणाले.

साहेब काही ओरडले नाहीत. सगळ्यांसमोर हळू आवाजात म्हणाले, "माझ्या मशीनवर चालतंय, हे मला सांगू नका. तुमचं मशीन म्हाताऱ्यांना फोन करत नाही." सगळे हसले. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिले.

जुनं पान परत चढवलंय. नवं सोमवारी हवं.

शनिवार, ९ नोव्हेंबर

तीन दिवस त्या बाणाच्या मागे आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना जागा सोडून पाहिली. बाणाचं टोक दुसऱ्या चिन्हांनी लिहून पाहिलं. नेटवर दहा माणसं दहा गोष्टी सांगतात आणि खाली अकरावा येऊन दहाही चूक म्हणतो. माझ्या मशीनवर सगळं चालतं. त्या सर्व्हरवर चढवून एका कोपऱ्यात तपासलं की तीच तक्रार.

मला मनातून वाटतंय की तो सर्व्हरच जुना आहे आणि त्याला लॅम्डा कळतच नाही. साहेबांपाशी जरा चाचरत विषय काढला. ते म्हणाले, "त्या सर्व्हरला हात लावायचा नाही. आणि आधीचा मुलगा म्हणाला होता, चालेल." चालेल म्हटलं आणि चालता झाला. हे अर्थात मी मनात म्हटलं.

जुन्या पद्धतीनं लिहिलं तर दहा ओळींत होईल. पण मग विचारतील, नवं येतं म्हणाला होतात ना? नको रे बाबा.

घरी बसून हे करताना आईचा फोन आला. आई चार तासांवरच्या गावात एकटी राहते. "माझ्या घरातून मी हलणार नाही" हे तिचं पालुपद. नोकरी लागल्याबरोबर मी तिच्याकडेही बटण बसवून घेतलं, आम्हाला ते फुकट मिळतं. बाईसाहेब ते दाबतच नाहीत! रोज चिमणीला फोन करावा लागतो. ऑफिसात शरमेनं मान खाली जाते, नव्या बाईंची आईच रोज यादीत. आज पुन्हा बजावलं. "हो हो," म्हणाली, आणि चिमणीच्या भावाचं लग्न ठरल्याचं मला सांगितलं. मला ते माहीतही नव्हतं.

सोमवार, ११ नोव्हेंबर

जमलं! जमलं, जमलं!

आधी एक खबरदारी घेतली. काही झालं तरी गुरुवारसारखं सगळं पान कोसळायला नको. म्हणून बाणाचा तुकडा वेगळ्या छोट्या फाइलीत काढला, आणि मुख्य पानात तो जिथे बोलावतात तिथे कॅच लावला. कॅच म्हणजे आतलं काही चुकलं तर मुकाट्यानं गिळून टाकायचं आणि पान पुढे चालू द्यायचं. मग त्या तुकड्यात, बाणाच्या डावीकडच्या नावाला कंस घातले. दोन्ही एकदमच चढवलं आणि डोळे मिटून पान उघडलं. तक्रार गायब! नुसते कंस हवे होते मेल्याला!

पडद्यावर हिरवी ओळ आली, आज कुणालाही फोन करायचा नाही. दुपारचे साडेबारा वाजले होते, सगळे फोन सकाळीच उरकलेले, तेव्हा तीच यायला हवी होती. माझा जीव भांड्यात पडला. नवऱ्याला मेसेज केला. त्यानं अंगठा पाठवला.

उद्यापासून बटणांमध्ये एक घंटीही सुरू होतेय. साडेनऊपर्यंत दाबलं नाही, तर मिनिटभर वाजणार. त्यामुळे फोन निम्म्यावर येतील असा साहेबांचा अंदाज आहे.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

निम्म्यावर कसले, शून्यावर! दहा वाजले, सव्वादहा वाजले, पडदा हिरवा तो हिरवाच. साहेब स्वतः फोनखोलीत येऊन उभे राहिले. "घंटीनं कमाल केली," म्हणाले, आणि माझ्याकडे बघून, "आणि पानानंही." केक मागवला. माझ्या वाट्याला मोठा तुकडा आला.

चिमणीला मात्र करमेना. दिवसभर खुर्चीत गोल गोल फिरत होती. मोठ्या ताई केक खाता खाता म्हणाल्या, "ही माणसं एका दिवसात एवढी शहाणी कशी झाली?" साहेब म्हणाले, "कानाशी घंटी वाजली की तुम्हीही व्हाल."

आईसुद्धा यादीत नाही. म्हणजे घंटी तिलाही पुरून उरली. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. आज कुलूप एकदाच ओढून बघितलं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

आजही हिरवं.

साडेदहाला मोठ्या ताई माझ्या टेबलापाशी आल्या. "राजधानीवाले सरसुद्धा नाहीत यादीत. सात वर्षं मी त्यांना फोन करतेय. ते घंटीला जुमानणारे नव्हेत. मी आपला एक फोन करून बघते."

मी म्हटलं, "अहो, यादीत नाहीत म्हणजे बटण दाबलंय त्यांनी. उगाच केलात तर गेल्या गुरुवारसारखे लोक वैतागतील. साहेब आत्ता कुठे खूश आहेत."

"तुम्ही म्हणता तर राहिलं," म्हणाल्या आणि गेल्या.

त्या गेल्यावर मात्र पुन्हा तपासून बघितलं. माझ्या मशीनवर पान उघडलं, खोटी नावं भरून पाहिली. बरोबर चाळली. म्हणजे ठीकच आहे. सर्व्हरचा लॉग उघडून बघावा असंही एकदा वाटलं. लॉगमध्ये सर्व्हर स्वतःच्या सगळ्या तक्रारी लिहून ठेवत असतो. पण तिथे काहीतरी निघालं तर? निघालं तर साहेबांना सांगावं लागणार, केक खाऊन झाल्यावर. नाही उघडला. उघडायला हवा होता असं आत्ता लिहिताना वाटतंय, पण माझं काय, मला सगळ्याचीच भीती वाटते.

संध्याकाळी आईशी बोलले. तिचा आवाज पडलेला होता. "तुमच्या ऑफिसातली ती चिवचिव करणारी मुलगी रजेवर आहे का गं?"

"नाही, आहे की. का?"

"काही नाही. दोन दिवस झाले, बोलली नाही."

"अगं, तू आता शहाण्यासारखं बटण दाबतेस ना, मग ती कशाला फोन करेल?"

"बरं," आई म्हणाली. आणि आमटी उतू जाईल म्हणून फोन ठेवला. म्हातारपणी माणसं लहान मुलांसारखी रुसतात. पण दाबतेय ना, मग रुसू दे.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

जमेल तसं लिहिते.

सव्वादहाला आईला सहज फोन केला. सहज काही नव्हे, कालचा आवाज डोक्यातून जात नव्हता. उचलला नाही. पुन्हा केला, तिसऱ्यांदा केला. फोनखोलीत जाऊन पडदा बघितला. हिरवा. म्हणजे आईनं बटण दाबलंय, म्हणजे ती ठीक आहे, आंघोळीला गेली असेल. मीच केलेलं पान, त्यावर मीच विश्वास ठेवायचा नाही तर कुणी?

तरी जागेवर आल्यावर चैन पडेना. म्हटलं, किती वाजता दाबलं तेवढं बघू. पान नको, सरळ मूळ नोंदीच उघडल्या.

आईच्या नावापुढे बटणाची शेवटची नोंद होती २९ ऑक्टोबरची.

मला आधी वाटलं, चुकीची ओळ बघतेय. बोट ठेवून पुन्हा वाचली. मग खाली सरकले. आज सकाळी न दाबलेल्यांची नावंच नावं. राजधानीवाले सर त्यात. मग लॉग उघडला. सोमवारी दुपारपासून दर मिनिटाला तीच ओळ, बाणापाशी अनपेक्षित चिन्ह. कंसांनी काहीसुद्धा दुरुस्त झालं नव्हतं. तक्रार रोज होत होती आणि माझा कॅच ती गिळत होता. यादी तयारच होत नव्हती. आणि यादीत कुणी नाही, म्हणून पान बिचारं इमानानं हिरवी ओळ दाखवत होतं.

धावत फोनखोलीच्या दारात गेले. चिमणी म्हणाली, "काय झालं, पांढऱ्याफटक पडलाय!"

"यादी खोटी आहे," मी म्हटलं. "तीन दिवस खोटी आहे. सगळ्यांना फोन करा."

मोठ्या ताई उठल्या. कपाट उघडलं, छापील कागद तिघींत वाटले. साहेब आवाज ऐकून आले, मी दोन वाक्यांत सांगितलं, आणि त्यांनीही कोट काढून एक फोन ओढला. मी आईचा नंबर फिरवायला लागले तर ताईंनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

"तुमच्या आईचं मी बघते. तुम्ही पुढचं नाव घ्या."

"पण ताई..."

"तुमच्याच्यानं बोलणं व्हायचं नाही त्यांच्याशी. पुढचं नाव घ्या."

घेतलं. कुणा अनोळखी आजींचं. "हॅलो, तुम्ही ठीक आहात ना?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. त्या म्हणाल्या, "मी ठीक आहे, पण तुम्ही तीन दिवस कुठे मेला होतात?" मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पुढचं नाव. पुढचं. प्रत्येक वेळी घंटा वाजत राहायची आणि उचलेपर्यंत मी त्या मोजत राहायचे.

मग ताईंचा आवाज आला. त्या मुद्दाम मोठ्यानं बोलत होत्या. "किल्लीवाल्या बाईंकडे बसल्यात? मटार सोलतायत? द्या बरं फोन... हो, मी ऑफिसातून... म्हणतायत, आता बरी आठवण झाली तुम्हाला!"

दुसऱ्याच कुणाचा फोन कानाला लावून मी ढसाढसा रडले. पलीकडचे आजोबा विचारत राहिले, "कोण गेलं? कोण गेलं?"

बाराच्या आत सगळे लागले. एकच नंबर नुसता वाजत होता. ताईंनी दोनदा केला. मग सरांच्या शेजाऱ्यांना, ज्यांच्याकडे किल्ली असते त्यांना फोन केला आणि रिसीव्हर कानाला तसाच धरून बसल्या. आम्ही सगळे त्यांच्या टेबलाभोवती जमलो. चिमणीसुद्धा.

सर पलंग आणि न्हाणीघराच्या मध्ये पडलेले सापडले. काल पहाटे पडले होते. जिवंत आहेत. खुबा मोडलाय. त्यांना दवाखान्यात नेलं.

काल पहाटे. काल साडेदहाला ताई माझ्या टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांनी रिसीव्हर ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि कागदावर सरांच्या नावापुढे खूण केली.

मग मी जागेवर बसले. बाण काढला, कॅच काढला, जुन्या पद्धतीनं लिहिलं. एकेक माणूस घे, अट बघ, दाखव. आजचे फोन कागदावरून झाले होते, त्यामुळे पडद्यावर सकाळची सगळी नावं आली. दहा मिनिटांचं काम होतं.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं. त्यांनाही घाम फुटलेला दिसत होता. सर्व्हर बदलायला नको म्हणणारे तेच. म्हणाले, "वर कळवताना जुन्या सर्व्हरमुळे झालं असं कळवू. ते काही खोटं नाही."

खोटं नाही. सगळं खरंही नाही. कॅचबद्दल त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

"आणि तुम्हीच पकडलंत," ते म्हणाले. "तुमच्यासारखं माणूस मला हवंय. प्रोबेशन आजच संपलं समजा."

मी थँक यू म्हटलं. खरंच म्हटलं.

नवरा जाम खूश. "बघ! उगाच घाबरत होतीस." मी ताट तसंच झाकून ठेवलं.

शनिवार, १६ नोव्हेंबर

मोठ्या ताईंबरोबर दवाखान्यात गेले. नाही जायचं म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही.

सर पांढऱ्या चादरीत अगदी एवढेसे दिसत होते. त्यांची भाची होती जवळ. मी कुठून आलेय हे कळल्यावर तिनं माझे दोन्ही हात धरले. "तुमच्या लक्षात आलं म्हणून मामा वाचला. एक दिवस आणखी गेला असता तर..." मी हात धरू दिले.

सर घोगऱ्या आवाजात ताईंशी बोलत होते. "शेजारी भिंतीच्या पलीकडेच होते हो. हाक मारली असती तर धावत आले असते. पण पहाटेची वेळ, म्हटलं कशाला त्यांची झोपमोड? दहाला तुमचा फोन येणारच. उचलला नाही की तुम्ही माणूस पाठवणार. मी आपला घड्याळाकडे बघत पडलो. दहा वाजून गेले. म्हटलं, आज उशीर झालाय. अकरा झाले. म्हटलं, आता येईल. संध्याकाळी हाक मारायला गेलो तर आवाजच फुटेना."

ते कुरकुरत नव्हते. घडलं तसं सांगत होते. आता त्यांना एकटं राहता येणार नाही, भाची त्यांना स्वतःकडे नेणार आहे.

जिन्यात ताई म्हणाल्या, "बुधवारी मी फोन करणार होते."

"मी थांबवलं तुम्हाला."

"हो," त्या म्हणाल्या, आणि कठड्याला धरून सावकाश उतरायला लागल्या.

घरी येऊन साहेबांना फोन केला. कॅच माझा होता, लॉग मी भीतीपोटी उघडला नाही, आणि ताईंना मी अडवलं, हे तिन्ही सांगून टाकलं. मग म्हणाले, "ऑफिसात आल्यावर बोलू."

नवऱ्यानं ऐकलं होतं. "सांगायची काही गरज होती का?" असं त्यानं विचारलं नाही, पण पाणी पिताना माझ्याकडे बघत होता.

रविवार, १७ नोव्हेंबर

आईलाही सगळं सांगितलं. रागावेल म्हणून तयारीत होते.

ती म्हणाली, "मी मुद्दामच दाबत नाही ते बटण. दाबलं की दिवसभर कुणी बोलत नाही माझ्याशी."

"मी करते की फोन!"

"तू करतेस ते मी आहे की गेले ते बघायला. गोळी घेतलीस का, गॅस बंद केलास का, दार लावलंस का. ती मुलगी नुसती बोलते गं."

मला राग आला, आणि रडूही आलं. ती म्हणते ते खरं आहे. मी तिला शेवटचं कधी काही मजेचं सांगितलं, आठवत नाही. मग तिनंच विचारलं, "नोकरी जाईल का तुझी?" मी म्हटलं, जाईल बहुतेक. "घाबरलीस?" म्हणाली. हो म्हटलं. "मग बोल की त्याच्याबद्दल. मला काय झालंय, मी बसलेय." तासभर बोललो.

सोमवार, १८ नोव्हेंबर

साहेब आज बाहेरगावी होते. नोकरी राहिली की गेली, उद्या कळेल. सकाळचं आधी लिहिते.

ऑफिसच्या आधी दवाखान्यात गेले, एकटी. भाची खाली चहाला गेली होती. सर जागे होते. मला बघून म्हणाले, "तुम्ही त्या फोनवाल्यांपैकी ना?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्हाला फोन का आला नाही, ते सांगायला आलेय."

खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं. बाण, कॅच, हिरवी ओळ. त्यांना किती कळलं कोण जाणे. मग बुधवारचं सांगितलं, ताई फोन करायला निघाल्या होत्या आणि मी नको म्हटलं ते. ते सांगताना माझा आवाज चिरका झाला. शेजारच्या पलंगावरचा माणूस वळून बघायला लागला.

सरांनी डोळे मिटून घेतले होते.

"मी एकटाच होतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही. बरेच होते. बाकीचे ठीक आहेत."

"आणि आज?"

"आजही असतील न दाबलेले. रोजच असतात."

"वाजले किती?"

"साडेनऊ होत आलेत."

त्यांनी डोळे उघडले. वर्गात मागच्या बाकावर गोंधळ चालला असेल तर बघत असतील, तसं बघितलं माझ्याकडे. "मग इथे काय रडत बसलाय? जा. दहा वाजता माणसं वाट बघत असतात."

माफ केलं की नाही, ते काही बोलले नाहीत, आणि विचारायचा मला धीर झाला नाही. पर्स उचलली. जिना धावतच उतरले.